खोडलेला शेवट

ही गोष्ट रचलेली नाही. रचलेली गोष्ट कशी असते ते मला चांगलं माहीत आहे, कारण मुलांना गोष्टी रचायला शिकवणं हेच माझं काम होतं.

१० फेब्रुवारी २०२४. शनिवार. तिसगावजवळच्या एका वस्तीवरची शाळा.

रात्र नव्हती. दुपारचे साडेबारा वाजले होते.

मी दीपा. तिथे मराठी शिकवायचे. मराठी भाषा दिनाच्या कथास्पर्धेसाठी मुलांच्या कथा सुधारून द्यायचे. तीन वर्षं ओळीनं आमच्या शाळेचा नंबर आला होता. यंदा माझी सगळी आशा नववीतल्या संस्कृतीवर होती. अबोल पोरगी. वडिलांची बदली झाली म्हणून जूनमध्येच श्रीरामपूरहून आलेली.

तिच्या कथेचं नाव होतं 'टँकर'.

दुष्काळातलं गाव. आठ दिवसांनी आलेला टँकर विहिरीत रिकामा होतो. काठावर झुंबड उडते. रेटारेटीत राही नावाची बाई आत पडते. कंबर मोडते. ती खालून हाका मारत राहते...

आणि कोणीच थांबत नाही. कारण कोणी खाली उतरलं, तर पाणी गढूळ होईल. तिच्या अंगावरून बादल्या खाली-वर होत राहतात. पाणी संपतं, तोवर हाकाही संपलेल्या असतात.

मी ती दोनदा वाचली. पण असल्या शेवटाला बक्षीस मिळत नाही. मी लाल पेनने तो खोडला आणि लिहिलं, 'सगळा गाव धावून आला. राहीला वर काढलं.'

शुक्रवारी वही उघडली, तर माझं वाक्य निळ्या शाईनं खोडलेलं होतं. इतकं दाबून, की कागद फाटला होता.

खाली तीन शब्द.

'कोणी आलं नाही.'

"मॅडम, मी नाही केलं," संस्कृती रडवेली झाली. "वही तुमच्याच कपाटात होती ना..."

होती. कपाटाची चावीही माझ्याकडेच होती. तरी मी तिला वर्गासमोर खोटारडी म्हटलं.

शनिवारी शाळा सुटल्यावर तिला थांबवून घेतलं. समोर बसवलं. म्हटलं, "मी सांगते तसा शेवट लिही. माझ्या डोळ्यांदेखत."

मी सांगत होते. ती लिहीत होती.

मग एक गोष्ट जाणवली... बाहेर मघापासून होले पक्षी घुमत होते. ते गप्प झाले होते.

पंखा फिरत होता, पण त्याचाही आवाज येत नव्हता.

आणि माझ्या पाठीमागून...

खर्र... खर्र...

दगडावर दोर घासावा तसा.

मागे वळून पाहिलं. रिकामी बाकं. शेवटच्या बाकाखालून पाण्याचा ओघळ येत होता. गढूळ.

"मॅडम..." संस्कृतीचा आवाज कापत होता. "हात थांबत नाहीये."

ती माझ्याकडे बघत होती. वहीकडे नाही. पण तिचा हात भराभर लिहीत होता. एकाखाली एक. नावं.

मी तिचं मनगट धरलं. बर्फासारखं गार.

"सोड तिला!" मी कोणावर ओरडले, मला माहीत नाही.

पुढच्याच क्षणी माझ्या डोक्यावर काहीतरी आदळलं. बादलीच्या बुडासारखं. मी खाली पडले. तोंडात चिखल. श्वास घेता येईना. वरून एकामागून एक घाव बसत होते आणि कानाशी एक बाई बोलत होती. अगदी हळू.

"आता मार हाका."

मी मारल्या. माझा आवाजच फुटला नाही.

डोळे उघडले तेव्हा आमचे शिपाई गहिनीनाथ मामा मला उठवत होते. संस्कृती दाराशी हुंदके देत होती. तीच त्यांना बोलवायला धावली होती. माझ्या कपाळातून रक्त येत होतं. फरशी मात्र कोरडी ठक्क.

मामांनी पडलेली वही उचलली. वाचता वाचता ते खालीच बसले.

"ह्या पोरीला हे कोनी सांगितलं?"

"सुचलं म्हणते."

"सुचलं? तेरा सालच्या उन्हाळ्यातलं हाय हे, मॅडम. राहीबाई. आमी पंचायतीत सांगितलं, पाय घसरून पडली, जागीच गेली. सगळ्यांनी शपथा घेतल्या. आजवर भाईर कोन बोललं न्हाई."

"तुम्ही होता तिथे?"

त्यांनी वही खाली ठेवली.

"म्या बी बादली वढीत हुतो. लई येळ हाका मारीत हुती ती... माझं नाव घेऊन बी मारली."

वहीत सतरा नावं होती. चौथं मामांचं.

"मॅडम, पाया पडतो. तेवढं माझं नाव खोडा. तुमच्या लाल पेनानं खोडा."

साठीचा माणूस माझ्या पायाशी वाकला होता. मला दया आली.

मी खोडलं.

ते गेल्यावर वही कपाटात ठेवून कुलूप लावलं.

संस्कृती त्यानंतर शाळेत आली नाही. तिचे वडील दाखला न्यायला आले, तेव्हा एवढंच म्हणाले, "पेन हातात धरत नाही ती." मी माफी मागायला तिच्या घरी गेले. तिनं दार उघडलं नाही.

मामा धडधाकट आहेत. रोज शाळेची घंटा देतात.

स्पर्धेला मी काहीच पाठवलं नाही. वही जाळायची म्हणून आठवड्यानं कपाट उघडलं.

नावं अजून सतराच होती. मामांचं नाव निघालं होतं. खोडल्याची खूणही नव्हती. चौथ्या ओळीवर निळ्या शाईत दुसरंच नाव होतं.

दीपा.

मी त्या वस्तीवर आले २०१९ मध्ये. तेराच्या उन्हाळ्यात मी तिथे नव्हतेच. हे मी राहीला रोज सांगते.

वही तीनदा पेटवली. पेटत नाही... ओली आहे.

आता मी नोकरी सोडून कोल्हारला भावाकडे राहते. वही सोबतच आहे. दुसऱ्या कोणाच्या हाती द्यायची भीती वाटते.

आणि त्याहून मोठी भीती ही, की कोणीतरी दया येऊन माझं नाव खोडेल... आणि मी त्याला अडवणार नाही.