घड्याळजीचा अ‍ॅम्प्लिफायर

भोंगा नावाचा म्हातारा अ‍ॅम्प्लिफायर आणायला निघाला तेव्हा दुपारचं लख्ख ऊन पडलं होतं आणि त्याच्या मनात भूतखेत असलं काही नव्हतं. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचं ऐकून लोक म्हणतात, म्हातारा मुळातच घाबरट असेल. घाबरट कसला! पत्र्याचे डबे बनवणाऱ्या कारखान्यात प्रेस मशीनपुढे उभा जन्म काढलेला माणूस तो. त्या धडाडधूममध्ये शेजारच्याला हाक मारायची तर बेंबीच्या देठापासून ओरडावं लागे. तीच सवय घरी आली, बाजारात आली, लेकीच्या लग्नात मांडवातसुद्धा आली. एकदा कारखान्याचा भोंगा बिघडला, तर साहेबांनी यालाच दारात उभं करून सुट्टी पुकारायला लावली म्हणे. तेव्हापासून खरं नाव मागे पडलं आणि भोंगा हेच चिकटलं.

पण त्याच मशीनने त्याचे कान नेले. डावा कधीच दगड झाला होता. उजव्याबद्दल कानाच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "काका, काय ऐकायचं असेल ते ऐकून घ्या. हाही फार दिवस साथ देणार नाही."

ऐकायचं एकच होतं. त्याची बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. फोटो ढीगभर होते, पण तिचा आवाज अख्ख्या जगात एकाच ठिकाणी उरला होता. फार पूर्वी भोंगाने रेडिओवरचं गाणं टेप करायला म्हणून टेपरेकॉर्डर रेडिओपुढे मांडला होता. गाणं संपलं, दुसरं लागायचं होतं, आणि मधल्या शांततेत ती स्वयंपाकघरातून काहीतरी म्हणाली होती. ते कॅसेटवर उमटलं होतं, पण इतकं खोल आणि पुसट की विहिरीच्या तळातून कुणी बोलावं. तेव्हा भोंगाने कपाळावर हात मारला होता. "अगं, नासवलीस ना सगळी कॅसेट!" आता त्या गाण्याचं त्याला काडीचं कौतुक नव्हतं. नासलेला तेवढा भाग हवा होता.

लेकीने खटपट कमी केली नव्हती. कानातलं यंत्र आणलं, तर ते नुसतं शिट्ट्या मारी. हेडफोन आणला, तर त्यात खरखरीशिवाय काही ऐकू येईना. शेवटी ती स्वतः कान लावून बसली.

"आई काहीतरी म्हणतेय, बाबा, पण शब्द लागत नाहीत. कुणा जाणकाराकडून साफ करून घेऊ, मग मी तुम्हाला सांगते ना काय म्हणाली ते."

"तू सांगितलंस तर तो तुझा आवाज झाला," भोंगा गरजला. "मला तिचा हवाय!"

तर असा तो जुन्या वस्तूंच्या दुकानात पोचला. दुकानदाराने आतल्या फळीवरून दोन्ही हातांनी उचलून जे काढलं, ते बघून भोंगाचा जीव हरखला. वीतभर उंच, लोखंडासारखं जड धूड. पुढे चंदेरी पत्रा, त्यावर पिवळ्या उजेडात डोलणारे दोन काटे, आणि मधोमध मुठीत मावेल एवढं आवाजाचं गोल बटण.

"काचेच्या दिव्यांचा नाही हा, ट्रान्झिस्टरवाला. त्या वेळचा सगळ्यात दणकट," दुकानदार म्हणाला. "चालू केल्यावर जरा थांबायचं. आधी गप्प राहतो, आत टक् वाजतं, मगच आवाज सोडतो. घर हलवेल, काका."

"मग इतक्या वर्षांत एकाही बटणाचा रंग कसा उडाला नाही?"

"कारण हलवलंय कुणी! आमच्या शेजारच्या घड्याळजींचा हा. घड्याळं दुरुस्त करायचे. एवढी हौसेने वस्तू घेतली, पण भिंतीपलीकडच्या खोलीत त्यांची आई अंथरुणाला खिळलेली. जरा आवाज वाढला की ती काठीने भिंत ठोकायची. टक, टक. मग हे आवाज कमी करायचे, आणि पाण्याचा ग्लास घेऊन तिच्याकडे जायचे. बटणाच्या कडेला पत्र्यावर सुईने ओढलेली रेघ दिसते ना? त्या रेघेच्या पुढे त्यांनी बटण कधी नेलं नाही. स्पीकरला गाल लावून ऐकायचे बिचारे."

"आणि आता?"

"आधी तेच गेले. दुकानात घड्याळ उघडून बसले होते, तशीच मान टाकली. म्हातारीला कुणी सांगायला धजलं नाही. ती आपली ठोकत राहायची, मुलगा पाणी घेऊन येईल म्हणून. थोड्याच दिवसांत तीही गेली."

भोंगा हळहळला, पण खरं सांगायचं तर दारापर्यंतच. त्याचं चित्त त्या बटणात अडकलं होतं.

घर तिसऱ्या मजल्यावर. खिडकीशेजारच्या भिंतीला त्याने अ‍ॅम्प्लिफायर लावला, दोन्ही बाजूंना मोठे स्पीकर मांडले, टेपची वायर जोडली. चालू केल्यावर काटे उजळले. आत टक् वाजलेलं त्याला ऐकू आलं नाही, पण वर ठेवलेल्या हाताला जाणवलं. तापलेल्या धुळीचा वास सुटला. कॅसेट लावून त्याने बटण फिरवलं. रेघ ओलांडली, आणखी पुढे गेला. गाणं छातीवर आदळायला लागलं आणि म्हातारा लहान पोरासारखा टाळी वाजवून हसला. गाणं संपत आलं. तो श्वास रोखून पुढे झुकला...

आणि आवाज विझत विझत गेला.

त्याने खाली पाहिलं. बटण रेघेवर आलं होतं.

"ढिलं झालंय, दुसरं काय!" असं म्हणून त्याने कॅसेट उलटी फिरवून पुन्हा लावली. पुन्हा तेच. गाण्यापुरती मोकळीक मिळे आणि शांतता आली की बटण रेघेवर. जणू दोन गाण्यांच्या मध्ये कुणीतरी कान देऊन बसलं होतं, भिंतीपलीकडचा कानोसा घेत. दुसऱ्या दिवशी त्याने फवारा मारून बटण आतून साफ केलं, मागचा स्क्रू घट्ट आवळला. मग बोटांनी धरूनच बसला. बोटांच्या खालून बटण फिरलं. जोर करून नव्हे, घड्याळाला चावी द्यावी तसं अलगद. आणि थंडगार. अंगभर तापलेल्या त्या यंत्रात तेवढं बटण बर्फासारखं होतं.

कुणीही म्हणेल, अशा वेळी यंत्र परत करावं आणि देवाचं नाव घ्यावं. पण भोंगाचं डोकं तापलं. त्याने हत्यारांच्या पेटीतली पक्कड काढली, बटणावर आवळली आणि पकडीचा दांडा शेजारच्या कपाटाच्या फळीखाली अडकवला. आता हलून दाखव म्हणावं! संध्याकाळ होत आली होती, खोलीत फक्त काट्यांचा पिवळा उजेड होता. गाणं संपलं. पकडीचा दांडा फळीला वर रेटत गेला, तसूतसूने, आणि फळीची कड करकरत उपटून निघाली. घड्याळात घालतात त्या तेलाचा बारीक वास आला. भोंगाच्या गालाला कुणाचा तरी श्वास लागला, स्पीकरकडे झुकलेल्या माणसाचा.

तेव्हा मात्र म्हातारा घाबरला. खोटं कशाला बोला, मागे सरून भिंतीशी जाऊन बसला.

त्याच वेळी लेक शाळेतून दमून आली. ती मास्तरीण. तिने तुटलेली फळी पाहिली, बापाचा पांढराफटक चेहरा पाहिला.

"बाबा, काय झालं? अंधारात काय बसलात?"

"घड्याळजी आहे," तो म्हणाला. "सोडत नाहीये. बटण सोडत नाहीये गं!" आणि त्या धिप्पाड माणसाला रडू फुटलं. "आज सकाळी दुधवाल्याने बेल दाबली ती कळलीच नाही मला. उजवाही चाललाय. मला कधी ऐकू यायची ती?"

लेकीने दिवा लावला नाही. तिने सगळं ऐकून घेतलं आणि बापाच्या उजव्या कानाला तोंड लावून म्हणाली, "तुम्ही दिवसभर भांडताय त्यांच्याशी. पण त्यांना ठाऊक तरी आहे का, त्यांची आई गेली ते? ते तर आधी गेले ना?"

भोंगा थबकला. अरे, खरंच की! जिथे जिवंत म्हातारीलाच सांगायला कुणी धजलं नाही, तिथे मेलेल्या त्या बिचाऱ्याला कोण सांगणार? तो आपला अजून म्हातारीची झोप राखत बसलाय.

त्याने पक्कड काढून बाजूला ठेवली. खुर्ची जवळ ओढली. अशी बातमी ओरडून सांगायची नसते, एवढं भोंगालाही कळत होतं. आणि मग, लेक अजून सांगते, तिच्या उभ्या आयुष्यात पहिल्यांदा तिचा बाप हळू आवाजात बोलला.

"घड्याळजी... ऐका. तुमची आई गेली हो. तुमच्यामागून गेली. फार हाल झाले नाहीत..." हे त्याच्या पदरचं होतं, पण असं म्हणायचं असतं. "तुम्ही केलंत तेवढं कुणी करत नाही. आता तिची झोप मोडायची नाही. भिंतीपलीकडे कुणी नाही... तुम्हीही जरा मोकळ्या आवाजात ऐका. एकदा तरी."

बराच वेळ काही झालं नाही. काटे नुसते थरथरत राहिले. मग लेकीने त्याचा दंड घट्ट धरला.

बटण फिरत होतं. आपण होऊन, रेघेपासून पुढे. अर्ध्यावर आलं, थांबलं, धीर केल्यासारखं पुन्हा निघालं आणि थेट शेवटाला जाऊन टेकलं.

भोंगाने कॅसेट लावली. गाण्याने खिडकीची तावदानं थरथरली, पायाखालची जमीन थरथरली. खालच्या मजल्यावरच्यांनी नंतर महिनाभर बोलणं टाकलं, पण ते असो. गाणं संपलं. खरखर समुद्रासारखी खोलीभर पसरली आणि त्या समुद्रातून, घराएवढा मोठा होऊन, बायकोचा आवाज आला.

"अहो, ऐकलंत का? पुढचं गाणं लागलं ना, की रेडिओ जरा हळू करा हो. तुम्ही गुणगुणताय ते मला नीट ऐकू येत नाहीये!"

जगाने आयुष्यभर ज्याला गप्प बस म्हटलं होतं, तो भोंगा जागच्या जागी उभा राहिला. कॅसेट तिने नव्हे, यानेच गुणगुणून नासवली होती, आणि ती बया तेच ऐकायला धडपडत होती! "हे बघ!" तो लेकीला म्हणाला. "हे बघ, रेडिओ हळू कर म्हणते! मला नाही, रेडिओला!" डोळ्यांतून धारा लागल्या होत्या आणि तो गदागदा हसत होता. मग पुढचं गाणं तोफेसारखं सुटलं आणि भोंगा त्याच्याही वरचढ गायला लागला, बेंबीच्या देठापासून, बेसूर आणि बेभान. त्याने पुन्हा लावलं, पुन्हा ऐकलं. ऐकलंत का, ऐकलं गं बाई, ऐकलं! बटणावर हात ठेवून पाहिला, तर ते आता यंत्रासारखंच ऊबदार होतं. तेलाचा वासही गेला होता. घड्याळजी सुटला होता.

लेकीने अचानक गाणं बंद केलं.

"बाबा... भिंत कोण ठोकतंय?"

भोंगाला काही ऐकू आलं नाही. त्याने अ‍ॅम्प्लिफायरमागच्या भिंतीला तळहात लावला. टक, टक. हाताला स्पष्ट लागलं. काठीचा ठोका.

"बाबा, ही बाहेरची भिंत आहे," लेक त्याच्या उजव्या कानाशी कुजबुजली. "पलीकडे काही नाही..."

मुलगा गेल्याचं म्हातारीला कुणी सांगितलं नव्हतं. मुलाला सांगून भोंगा मोकळा झाला होता, आणि आता आवाज कमी करायलाही कुणी उरलं नव्हतं. त्याने स्वतःच बटण रेघेवर आणलं. ठोका थांबला नाही.

"पाण्याचा ग्लास भरून आण," तो म्हणाला.

लेक ग्लास घेऊन आली तोवर ठोका हाताखालून निसटला होता. भोंगा भिंत चाचपत त्याच्यामागे गेला. तो सरकत सरकत खिडकीपाशी आला आणि थांबला. मग तावदानाच्या काचेवर बाहेरून वाजला. टक, टक. आणि या खेपेला तो भोंगाला ऐकू आला, अगदी जवळून, त्याच्या कधीच दगड झालेल्या डाव्या कानात.