सावडीची चरकी

अमरावतीच्या बाजारात चंद्रभाननं मूठभर रुई उचलली आणि थबकला. सरकीचा चुराच नव्हता!

“ही सरकी कोणी काढली?”

“मी.” गाडीमागून एका मुलीचं उत्तर आलं. “हात पुसा आधी. रुई मळते.”

अमेरिकेतल्या लढाईनं वऱ्हाडी कापसाला सोन्याचा भाव आला होता. चंद्रभान अकोल्याच्या एका वकिलाचा कारकून; यंत्र दिसलं की त्याला राहवत नसे. दुसऱ्याच दिवशी तो त्या मुलीच्या, रुख्मिणीच्या अंगणात हजर! ऐन तारुण्यात विधवा झालेली ती वडिलांकडे राहत होती. सरकी काढायच्या तिच्या चरकीच्या लाकडी लाटेवर चामड्याची पट्टी गुंडाळली होती... तिरपी.

“तिरपी कावून?”

“सरळ लावली तर सरकी फुटते. तुमी चरकीकडे पाहून राह्यले, का माझ्याकडे?”

“आधी... चरकीकडे.”

ती हसली. मग त्यानं कलकत्त्याचा कायदा सांगितला— नवी युक्ती काढणाऱ्याला चौदा वर्षं एकट्याचा हक्क.

“मंग मी माह्या कमाईवर राहीन,” ती म्हणाली. “बाबा तिवस्याच्या बिजवराशी माहा पाट लावून राह्यले. पन वऱ्हाड तं निजामाचं ना?”

“मुलूख निजामाचा, कारभार इंग्रजांचा. तो कायदा इथं चालते का, वकीलसायबालेही ठाऊक नाही. उद्या दोघांतला करार बदलला, तर...”

“तर काय?”

“तेच तं पाहायचं हाय!”

तो अर्ज लिहायला बसला. “युक्ती अगदी नवी पाहिजे. घराबाहेर ही चरकी कोणी वापरली नाही, असं शपथेवर सांगा.”

चरकी फिरवणारा रुख्मिणीचा हात थांबला. गल्लीतल्या बाया सावडीनं सरकी काढत. आज हिच्या अंगणात, उद्या पार्वताबाईच्या. चरकीही घरोघर फिरे.

“लिहू? कलकत्त्याले कोण सांगते?”

“पार्वताबाईच्या तोंडावर मी खोटी शपथ घेऊ? नाही.” तिचा आवाज उतरला. “मंग तिवसाच.”

चंद्रभाननं लेखणी खाली ठेवली.

“एक अर्ज अजून करता येते... माह्या मनात हाय ते मी कोणालेच दाखवलं नाही. अगदी नवं हाय.”

ती त्याच्याकडे पाहत राहिली. मग कानापर्यंत लाजली.

“हक्क किती वर्षांचा?”

“चौदा. पुढं मुदत वाढवून भेटते.”

“मुदत मी ठरवीन. बाबाले आजच विचारा.” ती चटईवर जरा सरकली. “आन् तवरक हा दुसरा दांडा धरा— माह्या उलट फिरवा.”

चरकी कुरकुरली. सरकी अख्खी, एकेक करून, दोघांच्या मधोमध पडू लागली.