अडतिसावा फॉर्म

प्रेरणाचं पोस्टर काही केल्या भिंतीला चिकटेना. कमठाण्याच्या बसथांब्याची भिंत सकाळच्या भुरभुर पावसानं ओली झाली होती, आणि सेलोटेप भिंतीपेक्षा तिच्या बोटांनाच जास्त चिकटत होता. वरचा कोपरा दाबला की खालचा सुटे, खालचा धरला की वरचा कपाळावर येऊन पडे. कलबुर्गीहून एम.ए.चा प्रकल्प घेऊन आलेली ही मुलगी थांब्यावर बसलेल्या चार म्हाताऱ्यांची चांगलीच करमणूक करत होती.

"सेलोटेपानं न्हाई व्हायचं ते," मागून कुणीतरी म्हणालं.

तिनं वळून पाहिलं. खांद्याला खाकी पिशवी, कमरेला टेकवलेली सायकल, केसांवर पावसाचे बारीक थेंब... गावचा पोस्टमन. पंचवीस-सव्वीसचा असेल. त्यानं पिशवीतून डिंकाची बाटली काढली आणि न विचारताच पोस्टरच्या चारी कोपऱ्यांना बोट फिरवलं.

"सरकारी डिंक हाय. चिटकला की सुटत न्हाई."

"आणि सुटला तर?"

"तर तक्रार करायची. राजपाल, पोस्ट हापिस, कमठाणा." मग त्यानं पोस्टर वाचलं. अर्धं मराठी, अर्धं कन्नड. 'सीमाभागातील महिला आणि सायकल. ऑनलाइन सर्वेक्षण. कोड स्कॅन करा, पाच मिनिटांत फॉर्म भरा.' "कोण भरणार हे?"

"बायका."

"त्यांच्याजवळ फोन कुठं हायत?"

"हल्ली घरोघरी फोन आहेत," प्रेरणा जरा ताठ्यातच म्हणाली.

"घरात हायत, मॅडम. बाईच्या हातात न्हाईत. मी रोज दोनशे दारं बघतो." तो हसला. हसताना खाली बघायची त्याला सवय होती. "तुम्ही चालवता का सायकल?"

"मी... आठवीत चालवायची. शाळेत मिळाली होती. नववीत सोडली."

"कामून?"

"बस आली," प्रेरणा म्हणाली आणि चढलीसुद्धा. खिडकीतून पाहिलं तर तो पोस्टरचा कोपरा अंगठ्यानं दाबून अजून उभाच होता.

पोस्टरवर तिचा नंबर होता. संध्याकाळी हॉस्टेलवर पोचते न पोचते तोच मेसेज आला.

'पोस्टर टिकून हाय. काही तक्रार?'

'डिंक ओढणीला लागलाय.'

'तो बी सुटायचा न्हाई.'

तिनं नंबर 'डिंकवाले' या नावानं सेव्ह केला. रूममेट पिंकीनं ते नाव वाचलं, आणि मग काय! तीन दिवस ती रिकामी पाकिटं आणून प्रेरणापुढे धरायची – "बाई, हे तेवढं चिटकवून मिळंल का?"

रोज एखादा मेसेज यायचाच. कधी पोस्टरवर बकरीनं तोंड मारल्याची बातमी, कधी भालकीच्या बाजाराबद्दल चौकशी. ती भालकीची, हे त्यानं तिच्या मेसेजमधल्या एका 'कामून'वरून ओळखलं होतं. प्रेरणाला संध्याकाळी सहा वाजता फोन हातात घ्यायची सवय लागली. असं होतं कधीकधी, आणि होताना काही कळत नाही.

सर्वेक्षण मात्र रडत-रखडत चाललं होतं. तीनशे फॉर्म हवे होते, महिना संपत आला तरी नव्वदच्या पुढे गाडी सरकेना. आणि मग तीन आठवड्यांत एकट्या कमठाण्याहून अडतीस आले! प्रेरणानं आनंदानं ते उघडले आणि नंबरांच्या रकान्यावर थबकली. फॉर्ममध्ये नाव विचारलं नव्हतं, पण खोट्या नोंदी येऊ नयेत म्हणून मोबाइल नंबर सक्तीचा होता. अडतीसच्या अडतीस फॉर्मवर एकच नंबर होता. डिंकवाल्याचा.

उत्तरंही कशी! 'सायकल शेवटची केव्हा चालवली?' याला पासष्ट वर्षांच्या एका बाईचं उत्तर होतं – 'चालवली न्हाई. रोज धुते.' असं कोण लिहितं? तिनं आणखी चार-पाच वाचले आणि बाकीचे उघडलेसुद्धा नाहीत. बसून रचलेत त्यानं, तिला खूश करायला.

एक फोन करून विचारता आलं असतं. ते तिला सुचलंही होतं. पण या माणसाच्या मेसेजची आपण रोज वाट बघत होतो, हेच तिला त्या क्षणी फार झोंबलं. आपल्याला कुणीतरी बनवलं, आणि आपण हसत हसत बनलो! दुसऱ्या दिवशी वर्गात 'खोटी माहिती कशी ओळखावी' यावर बोलताना तिनं ते 'रोज धुते' वाचून दाखवलं. वर्ग खदखदून हसला. शैलश्री मॅडम तिच्या गाईड, त्या म्हणाल्या, "चांगलं पकडलंस." त्या कौतुकाच्या भरात तिनं अडतीसही फॉर्म पुसले आणि सर्वेक्षणाच्या व्हॉट्सॲप गटावर लिहिलं. गटात मास्तर, अंगणवाडीताई, कॉलेजची मुलं असे पावणेदोनशे लोक होते. राजपालही होता.

'कमठाण्याहून एकाच नंबरवरून अडतीस खोटे फॉर्म आले, ते रद्द केले आहेत. मुलीवर छाप पाडायची असेल तर दुसरा मार्ग शोधावा.'

खाली त्याच्या नंबरचे शेवटचे चार आकडेही दिले. कमठाण्यात पोस्टमनचा नंबर कुणाला ठाऊक नव्हता?

 राजपाल गटातून बाहेर पडला, एवढंच दिसलं. संध्याकाळी सहा वाजता तिनं फोन हातात घेतला आणि परत ठेवून दिला.

पंधरा दिवसांनी मॅडमनी तिला पुन्हा पिटाळलं. "ऑनलाइन नव्वदवर प्रकल्प उभा राहत नाही. कागदी फॉर्म घे आणि दारोदार जा." यादीत कमठाणा पहिलंच होतं. पोस्टाच्या गल्लीत जायचं नाही असं ठरवून प्रेरणा उतरली आणि देवळामागच्या पहिल्या उघड्या दारापाशी थबकली. अंगणात एक म्हातारी सायकल धूत बसली होती. जुनी, निळी, शाळकरी मुलीची सायकल. एकेक तार चिंधीनं पुसणं चाललं होतं.

"ये की," म्हातारी म्हणाली. हातातला कागद बघून तिचा चेहरा उजळला. "सायकलीची पोरगी व्हय तू? कलबुर्गीची? मी सत्यभामाबाई. माझं बोलणं पोचलं का तिकडं?"

"कसलं बोलणं?" प्रेरणानं विचारलं. तिला ते आधीच कळलं होतं.

"राजपालनं लिवून घेतलं की! पोस्ट वाटून झालं की यायचा, उंबऱ्यावर बसायचा आन् त्याच्या फोनात लिवायचा. आमाला कुठला फोन? सगळ्या बायांचं लिवलं त्यानं. म्हणला, मावशी, तुमचं बोलणं कलबुर्गीच्या कॉलेजात वाचतेत." ती सायकलीकडं वळली. "माझ्या ज्योतीची हाय ही. उदगीरला दिली तिला. मला चालवता येत न्हाई, पर धुते रोज. धुतली की पोरीला न्हाऊ घातल्यावानी वाटतं बग. ...वाचलं का तिथं?"

"वाचलं," प्रेरणा म्हणाली.

"मग? काय म्हणले लोक?"

प्रेरणाच्या कानांच्या पाळ्या पेटल्या. लोक हसले. मीच हसवलं. हे त्या भाबड्या तोंडाकडं बघून कसं सांगायचं? ती पायरीवर बसली आणि रडायलाच लागली. सत्यभामाबाईनं चिंधी खाली ठेवली, ओला हात पदराला पुसला आणि तिच्या पाठीवर ठेवला. त्या हातानं तर तिला जास्तच मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण मग तिनं सांगितलं. सगळं, एक शब्द न लपवता.

म्हातारीनं चिंधी उचलून पिळली. मग म्हणाली, "हे ते व्हय! त्याच्या आईला, पार्वतीबाईला, बाया इचारायल्यात, तुझ्या पोरानं कुण्या पोरीसाठी खोटं लिवलं म्हणं. पार्वतीबाई आठ दिस नळावर आली न्हाई. मला न्हाई, तिकडं जाऊन सांग."

पोस्ट म्हणजे एक खोली. राजपाल पाकिटांवर शिक्के मारत होता. तिला बघून हात थांबला, मग पुन्हा सुरू झाला.

"काय काम होतं?" जसं कुणाही गिऱ्हाइकाला विचारावं तसं.

"माझं चुकलं," प्रेरणा म्हणाली. "मी विचारायला हवं होतं. विचारलं नाही, न वाचताच पुसलं, आणि वर सगळ्यांपुढं..." वाक्य अर्धंच सोडून तिनं विचारलं, "तुम्ही एकदाही का नाही म्हणालात, की मी खोटा नाही?"

शिक्का जरा वाकडा पडला. "मला सोडा. मी बायांना शब्द दिलता. त्यांना सांगा. आन् मेसेजात न्हाई, तोंडानं, दारोदार."

"सांगते."

"आन् माझ्या आईला."

"तिला आधी."

जिथं बदनामी केली होती त्या गटावर तिनं तिथंच उभं राहून लिहिलं, स्वतःच्या पूर्ण नावानिशी: 'कमठाण्याचे फॉर्म खोटे नव्हते. ज्यांच्याजवळ फोन नाही अशा बायकांची उत्तरं राजपाल यांनी घरोघरी जाऊन लिहिली होती. ती मी न वाचता पुसली आणि त्यांची बदनामी केली. चूक माझी आहे.' पाठवण्याआधी तिनं ते तीनदा वाचलं. पावणेदोनशे जणांपुढे दुसऱ्याची अब्रू घालवताना एकदाही वाचलं नव्हतं, हेही तिच्या लक्षात आलं.

पार्वतीबाईंनी तिला आत घेतलं, चहा दिला, आणि चहा संपेपर्यंत तिच्याकडे पाहिलं नाही. शेवटी एवढंच म्हणाल्या, "नळावर येऊन सांगशील का?" दुसऱ्या दिवशी प्रेरणानं नळावर, भरल्या घागरींच्या रांगेपुढं उभं राहून ते सांगितलं.

मग दारं सुरू झाली. सत्यभामाबाईनं निळी सायकल बाहेर काढली. "पायी किती फिरशील? हिच्यावर जा."

"मला... बरीच वर्षं झाली."

"हवा हाय तिच्यात," राजपाल दारातून म्हणाला. "दर महिन्याला मीच भरतो." पोस्टातल्या बोलण्यानंतर तो आपणहून तिच्याशी बोललेलं हे पहिलं वाक्य.

पहिल्या दिवशी ती दोनदा गटारात जाता जाता वाचली. तो चार हात मागून यायचा, कुठलं दार तेवढं सांगायचा. दुसऱ्या दिवशी दोन हात मागून. चौथ्या दिवशी दोघं शेजारी चालवत होते, आणि वळणावर तिचा तोल गेला तेव्हा तो म्हणाला, "मॅडम, रस्ता तिकडं हाय."

"माहीत आहे! ब्रेक लागंना झालाय!"

"आता कशा भालकीचं बोललाव..." आणि तो खाली बघून हसला. प्रेरणाला एवढं बरं वाटलं की तिला त्याचीही लाज वाटली.

सगळ्यांनी माफ केलं असं नाही. चंद्रम्मानं दारातच हात हलवला. "एकदा सांगितलं. मनातलं होतं ते. परत न्हाई निघत." आणि दार लावून घेतलं. प्रेरणा त्या बंद दारापुढं बराच वेळ उभी राहिली. ते उत्तर काय होतं, हे आता तिला कधीच कळणार नव्हतं. राजपालला आठवत होतं, पण त्यानं सांगितलं नाही आणि तिनंही विचारलं नाही.

सहाव्या दिवशी दुपारी दोघं बसथांब्यावर बसले. पोस्टरचा रंग उडाला होता, पण चारही कोपरे पक्के होते.

"छत्तीस झाले," प्रेरणा कागद मोजत म्हणाली. "चंद्रम्मा धरून सदतीस. पण फॉर्म अडतीस होते. एक घर राहिलं का?"

राजपालनं सायकलीची घंटी उगाच पुसली. "न्हाई राहिलं."

"मग अडतिसावी कोण?"

"वय तेवीस," तो घंटीकडं बघत म्हणाला. "गाव भालकी. आठवीत सायकल मिळाली, नववीत सोडली. कामून ते... सांगितलं न्हाई, बस आली."

प्रेरणानं हातातले कागद खाली ठेवले.

"तुम्ही गटात लिवलतं न्हवं, पोरीवर छाप पाडायला म्हणून. सदतिसांना ते लागू न्हवतं. एका फॉर्माला लागू होतं, तो खोटाच होता. म्हणून तोंड वर करून बोलता येईना मला. लाज वाटली." त्याचे कान लाल झाले होते. "तुमच्यापेक्षा जास्त."

"माझ्यापेक्षा जास्त कुणाला वाटली नसंल," ती हळूच म्हणाली. मग तिनं एक कोरा फॉर्म काढला आणि पेनासकट त्याच्यापुढं धरला. "विचारा. खरा भरू."

"वय लिवलं. गाव लिवलं..." त्यानं घसा साफ केला. "सायकल कामून सोडली?"

पुन्हा तोच प्रश्न. या वेळी तिनं सांगितलं. नववीत चहाच्या टपरीसमोर स्कर्ट चेनमध्ये अडकून फाटला, ती पडली, आणि अख्खी टपरी हसली. दप्तर मागं धरून ती चालत घरी आली आणि सायकल परत बाहेर काढली नाही. आईलाही कारण सांगितलं नव्हतं. तो हसला नाही. फॉर्मवर तिनंच छापलेले पर्याय होते – अंतर, वेळ, आवड नाही, घरचा विरोध, इतर. तिनं पेन घेतलं, खाली सहावा पर्याय लिहिला, 'लाज', आणि त्यापुढं खूण केली.

"शेवटचा प्रश्न," तो म्हणाला. "आणखी काही सांगायचं आहे का?"

"त्या फॉर्मात इथं तुम्ही काय लिहिलं होतं?"

"लिवलतं... हिला एक विचारायचं हाय, धीर व्हईना."

पाऊस भुरभुरायला लागला होता. वळणावरून बसचा हॉर्न ऐकू आला.

"मग विचारा की."

"बस आली, मॅडम."

"येऊ द्या. आणि मॅडम नका म्हणू."

बस थांबली, कंडक्टरनं दोनदा हाक दिली, थांब्यावरचे चारही म्हातारे सरसावून बसले. राजपालनं पहिल्यांदाच तिच्याकडं सरळ पाहिलं. "प्रेरणा... माझ्यासंगं चालवशील का सायकल? सहा दिवस न्हाई. कायमची."

 तिनं फॉर्म मांडीवर घेतला आणि शेवटच्या प्रश्नापुढच्या कोऱ्या जागेत लिहिलं, 'व्हय.' बस निघून गेली. खाली मोबाइल नंबरची चौकट रिकामी होती. त्यात तिनं स्वतःचा नंबर लिहिला आणि कागद भिजू नये म्हणून त्याच्या खाकी पिशवीत ठेवला.