मोहाखाली आईच्या साड्या

"डोंगा हालवू नको, संघदीप. पडशीन त मी नाही काढत," वल्हं मारता मारता मासेमाराची पोर सोनू म्हणाली.

"मले पोहता येते."

"घरच्या टाक्यात येते. हा तलाव आहे."

संघदीपची बहीण स्नेहल हसली नाही. बेट जवळ येत होतं. वनखात्यानं राखलेलं, घर नाही, दुकान नाही, नुसती मोहाची झाडं आणि पाखरं. हिवाळ्यात आई गेली, तेव्हा तिची राख खड्ड्यात घालून स्नेहलनं इथं मोहाचं रोप लावलं होतं. परीक्षा संपताच तिघं ते बघायला निघाली होती.

रोप हिरवं होतं. पण शेजारच्या मोहाखालची जमीन काळी पडली होती.

"कोणी बिडी फेकली असंल," सोनू म्हणाली.

"बिडीची आग अशी गोल जळते काय?" स्नेहल झाडाभोवती फिरली. "पाला जाळला. खाली पडलेली फुलं दिसावी म्हणून."

"मामाच्या आंगणात फुलं वाळून राहिली," संघदीप हळूच म्हणाला. "त्यायले राख लागून आहे."

बकाराममामा आईचा सख्खा भाऊ. आता पुढच्या मोहाचा पाला जाळायचा उरला होता, आणि रोप त्या पाल्यातच उभं होतं.

"सांगू त्याले?" संघदीपनं विचारलं.

"जरासाच जाळतो, म्हणंल," स्नेहल म्हणाली. "उद्या त्याच्या आधी येऊ."

दुसऱ्या दिवशी सकाळी मामा टोपली आणि आगपेटी घेऊन उतरला. त्या मोहाखालचा पाला झाडून दूर सारला होता. तिथं साड्या अंथरल्या होत्या आणि फुलं त्यांच्यावर टपटप पडत होती.

"पेटव आता, मामा," संघदीप म्हणाला.

मामा वाकला. निळी साडी त्यानंच बहिणीला लग्नात घेतली होती. "मातीत कायले आणली पोरी?"

"घरात एवढंच कापड होतं." स्नेहलनं रोप दाखवलं. "हे आईचं. लावायला तुला बोलावलं होतं."

"मले तिची राख पाहवत नव्हती," मामा म्हणाला. त्यानं आगपेटी तिच्या हातात दिली आणि तो फुलं वेचू लागला.

वनरक्षक ईश्वरदास आले. साड्या बघून म्हणाले, "आम्ही नुसत्या 'आग लावू नका'च्या पाट्या लावत बसलो. शाबास पोरांनो. पुढल्या साली झाडाखाली जाळी बांधू."

"माह्या बाबाची जुनी जाळी आहेत," सोनू म्हणाली. "फाटकी आहेत, पण फुलं काही पोहून पळत नाहीत."

निघताना स्नेहलनं निळी साडी नाकाशी धरली. हिवाळ्यापासून पेटीत जपलेला आईचा वास गेला होता. आता फक्त मोहाचा गोड, जड वास येत होता.

"धुऊन देऊ का?" मामानं विचारलं.

"नको," ती म्हणाली. "उद्या परत अंथरायची आहे."