ओझरले निघालेले नवरदेव

चिखलीच्या बाजारात त्या दिवशी वावटळ अशी आली, पोरींनो, का माह्या टोपल्यातली मेथी उडाली अन् थेट पत्रेवाल्याच्या दुकानातल्या धान्याच्या कोठीत जाऊन बसली. रचून ठेवल्यासारखी!

मी धावतच गेली. आतून एक पोरगा जुड्या घेऊन बाहेर आला. केसात मेथीची पानं... डोळ्यात हसू.

"भाजी विकायले आली का विमान उडवायले?"

"उडवता आलं असतं तं तुमच्या दुकानात काऊन उतरली असती?"

"मंग कुठं उतरली असती?"

मी त्याले जुड्यांचे पैसे देऊन आली. माह्याच जुड्यांचे! तवाच समजलं, काहीतरी बिघडलं.

पंजाब त्याचं नाव. तो हातोडी उचले, अन् पत्रा लाजून आपसूक वाके. तवा महाराष्ट्र होऊन चार-सहा वर्सं झाली होती. नाशकाजवळ ओझरले विमानाचा कारखाना वाढून राह्यला होता, पत्र्याचं काम येणाऱ्यांची भरती निघाली होती. पंजाब गेला, हातचं काम दाखवलं, अन् नोकरी घेऊनच आला.

"माहा पत्रा आभाळात जाईन, जनका!"

"अन् तुमी?"

"मी खालीच... कोणी सोबत असन तं."

पण माह्या बाबांनी, महादेवरावांनी, धामणगाव बढ्याचं वावरवालं स्थळ धरून ठेवलं होतं. "विमानाले काय बैल जुपते?" म्हणे.

मंग मी एक थाप मारली. लहानशीच. विहिरीवर बायाइले सांगतलं — ओझरचा कारखाना एवढा वाढून राह्यला, का इकडचे सारे लग्नाचे पोट्टे घेऊन जाणार. गावात बिनलग्नाचा एक मारुतीच उरन!

संध्याकाळपर्यंत थाप देऊळगाव राजाले जाऊन, बालाजीचं दर्शन घेऊन परतही आली. अन् सकाळी पाह्यलं तं ओझरले पयले निघालेल्या पंजाबच्या दुकानापुढं पोरींच्या बापांची ही गर्दी! जो तो सोयरिकीचं नारळ घेऊन. सर्वात पुढं आमचे शेजारी रामराव. धामणगाववाला बी जाईन या धाकानं माहे बाबा बी धावले, पण पार मांगं राह्यले.

"ओझरचाच जावई पाह्यजे होता, जनके," ते हळहळले. "उशीर झाला."

माही थाप माह्याच गळ्यात आली होती. मी गर्दीत घुसली. पंजाब ट्रंक बांधून उभा होता, नाशकाची गाडी धरायले.

"लग्न ठरलं म्हणे... तुमचं?"

"हाव."

"कोणाशी?" मी त्याच्या ट्रंकेची कडी धरली.

"जिनं ही थाप मारली तिच्याशी. अशी थाप चिखलीत दुसऱ्या कोणाले जमते?"

सारी गर्दी माह्याकडं पाहे. बाबांचे डोळे मोठ्ठे झाले.

"जनके... थाप होती वं ते?"

मी पदराचं टोक पिळलं. "हाव बाबा. पण हा पोरगा खरा हाये."

बाबांनी टोपी सरळ केली. मंग गर्दी सारत पुढं गेले, रामरावाच्या हातातलं नारळ ओढून घेतलं, अन् पंजाबच्या ओंजळीत ठेवलं.