डेल प्रुइटचे चकचकीत दात

शनिवारी सकाळी सव्वाआठला परीक्षकाने डेल प्रुइटच्या खालच्या दातांमागून बारीक आकडी फिरवली. ती कुठेच अडली नाही.

"या माणसाचे दात स्वच्छ आहेत," तो म्हणाला. "हा रुग्ण चालणार नाही."

ग्रासिएला सामुदिओ हातमोजे घालून खुर्चीशेजारी उभी होती. तिने ते काढले नाहीत. काढले असते तर संपलंच म्हणायचं.

दात साफ करण्याच्या परवान्याची परीक्षा. रुग्ण आपला आपण शोधून आणायचा आणि त्याचे दात पुरेसे घाण हवेत, हा नियम. डेल म्हणजे खजिना होता. निवृत्त ट्रकवाला, सोळा वर्षांत दंतवैद्याच्या दारात पाय ठेवला नव्हता. तीन आठवड्यांपूर्वी त्याचे दात मंजूर झाले तेव्हा त्यांच्यामागची किटणाची भिंत बघायला सगळा वर्ग आला होता. ग्रासिएला एकेचाळीस वर्षांची. दिवसा हॉटेलातल्या चादरी धुवायच्या, संध्याकाळी इथे शिकायचं. परवाना मिळाला तर एका दवाखान्यात जागा ठरलेली होती. नाही मिळाला तर परीक्षा सहा महिन्यांनी, आणि जागा दुसऱ्या कुणाची तरी.

"दुपारचा गट एक वाजता," परीक्षक म्हणाला. "तोवर दुसरा रुग्ण आणा."

बाहेरच्या टेबलावरून लॉरेन कुबियाकने हे ऐकलं. एकोणीस वर्षं ती कॉलेजच्या या दवाखान्याची स्वागतिका होती. शिकागोच्या पश्चिमेला, हमरस्त्यालगत, चारी बाजूंनी पार्किंग आणि मधे कॉलेज. शहरातले विद्यापीठवाले त्याला नाकं मुरडतात. मग त्यांची गाडी इथे शिकलेलाच दुरुस्त करतो आणि त्यांच्या आईला सुई इथे शिकलेलीच टोचते. नाकं मुरडणाऱ्यांबद्दल लॉरेनचं मत छापण्याजोगं नव्हतं.

तिने डेलला कोपऱ्यात घेतलं.

"दात कोणी साफ केले?"

"मी शब्द दिलाय, लॉरेन."

"सोळा वर्षं साध्या ब्रशाला शब्द दिला नाहीस. आता कुणाला दिलास?"

डेल ओशाळला. "गुरुवारी दुपारी इथेच बोलावलं होतं. म्हणाली, परीक्षेची पूर्वतयारी आहे, विद्यार्थिनीला कळू द्यायचं नाही. मला वाटलं, पोरीचं भलंच होतंय."

"कोण म्हणाली?"

"तोंडावर मास्क, डोळ्यांवर चष्मा, डोक्यावर टोपी. तुमच्याकडे सगळ्या सारख्याच दिसतात."

"किती वेळ लागला?"

"चाळीस मिनिटं. हात म्हणजे लोणी. मधे कोणी आलं नाही, गेलं नाही."

"आणि त्या दुखऱ्या गुडघ्याने मागच्या पार्किंगच्या मैदानातून चालत आलास?"

"छे. तिनेच सांगितलं, दारासमोरची पहिली राखीव जागा मोकळी आहे, तिथे ट्रक लाव."

"दंडाची चिठ्ठी?"

"नाही लावली कोणी."

लॉरेनने भुवई उचलली. या कॉलेजात प्राध्यापक उशिरा येतात, निकाल उशिरा लागतात, पण चुकीच्या जागी लावलेल्या गाडीवर चिठ्ठी सात मिनिटांत लागते.

गुरुवारी दुपारी दवाखाना बंद असतो. किल्ल्या तिघींकडे: वर्गप्रमुख विद्यार्थिनी केल्सी, तासिकांवर शिकवणारी नोरीन आणि विभागप्रमुख डॉ. व्हिटलॉक.

सगळ्यांचा संशय केल्सीवर. तिचा रुग्ण आठवड्यापूर्वी पळाला होता आणि डेलवर तिचा डोळा होता.

"होता ना," केल्सी फणकारली. "पण मला ते घाणच हवे होते. साफ करून काय लोणचं घालू?"

नोरीन म्हणाली, "गुरुवारी मी इथेच होते, पेपर तपासत."

"कुठे?"

"गाडीत. मला खोली कुठे दिलीय? मागच्या मैदानात होते. पुढे लावली की दंड, या सत्रात दोनदा भरलाय."

डॉ. व्हिटलॉक अत्तराच्या वासासकट आल्या. "दुर्दैव. पण खरं सांगायचं तर ग्रासिएलाच्या पथ्यावरच पडलं. सहा महिने आणखी सराव करील."

लॉरेनने सुरक्षा चौकीला फोन लावला, एकच प्रश्न विचारला, आणि साडेदहाला सगळ्यांना प्रतीक्षाकक्षात बोलावलं. परीक्षकही कॉफी घेऊन दारात येऊन उभा राहिला.

"विद्यार्थिनीचं हे काम नाही," ती म्हणाली. "विद्यार्थिनीला पाव तोंड झालं की शिक्षिकेला बोलावून दाखवावं लागतं. पूर्ण तोंडाला तीन तास लागतात. इथे चाळीस मिनिटं, आणि बघायला कोणी आलं नाही. हात मुरलेला आहे."

नोरीनचा चेहरा पडला.

"तू बस. तुला स्वतःची गाडी पुढे लावता येत नाही, तू दुसऱ्याला काय जागा देणार? दारासमोरची पहिली जागा एकाच गाडीची आहे. ती मोकळी हवी तर ती गाडी हलवावी लागते. चौकीला विचारलं, गुरुवारी डेलच्या तपकिरी ट्रकला चिठ्ठी का नाही? ते म्हणाले, डॉ. व्हिटलॉकनी तसं सांगून ठेवलं होतं."

"हास्यास्पद," डॉ. व्हिटलॉक म्हणाल्या. "मी कशाला करीन असलं?"

"रस्त्यावरच्या फलकासाठी. सलग नऊ वर्षं शंभर टक्के निकाल, असं त्यावर लिहिलंय. टक्क्यांत मोजतात ते परीक्षेला बसलेले. रुग्णच नाकारला की ग्रासिएला बसलीच नाही. नापासही नाही, नुसती नाहीशी. खरं तर खालचे चार दात घासले असते तरी भागलं असतं. पण तुम्ही अख्खं तोंड करून वर चकाकीही दिलीत. हाताला चांगल्या कामाची सवय आहे तुमच्या. म्हणून जास्तच किळस येते."

डॉ. व्हिटलॉकनी ते नाकारलं नाही. आवाज मात्र खाली आणला.

"तिचे हात जड आहेत, लॉरेन. चादरी धुणारी बाई ती. अशांना आपण आत घेतो, ठीक आहे. पण अशांमुळे आपली किंमत काय राहते?"

"कॉलेज अशांचंच आहे, मॅडम. वाट चुकून तुम्ही आलात."

परीक्षकाने कॉफी खाली ठेवली. "हे मला परवाना मंडळाला लेखी कळवावं लागेल. तुम्ही आता या दवाखान्यात थांबू नका, डॉक्टर." मग तो ग्रासिएलाकडे वळला. "तुमची वेळ मात्र एकचीच आहे."

"कुठून आणू, मिस लॉरेन?" ग्रासिएला म्हणाली. "माझी माणसं शनिवारी कामावर असतात."

लॉरेनने घड्याळाकडे पाहिलं. मग तिने गळ्यातली चष्म्याची साखळी काढून खणात टाकली.

"नोरीन, एक्स-रेची खोली उघड."

"कुणासाठी?"

"लोकांना दर सहा महिन्यांनी या म्हणून कार्डं मीच पाठवते. मी स्वतः त्या खुर्चीत शेवटची कधी बसले ते विचारू नकोस. मला भीती वाटते."

परीक्षकाने एक्स-रे उजेडात धरले, मग तिच्या तोंडात डोकावला. "चालेल," तो म्हणाला. "फारच छान चालेल."

"दुखलं तर हात वर करा," ग्रासिएला म्हणाली.

तीन तास लॉरेन कुबियाकला कुणालाही टोमणा मारता आला नाही. तिने हात एकदाही वर केला नाही. मुठी मात्र घट्ट होत्या.

निकाल पाचला आला. ग्रासिएला उत्तीर्ण. तिने घरी फोन लावला, आणि पलीकडून मुलं "मम्मी? मम्मी?" करत राहिली तरी ती "पास, पास" एवढंच म्हणत राहिली.

लॉरेनने आरसा मागितला. बधिर ओठ बोटाने वर करून बराच वेळ पाहिलं.

"झालं," ती म्हणाली. "आता लोकांपुढे हसावं लागणार."