सत्तरची वायर

आयुष्यभर रुग्णवाहिका चालवली म्हणून तिला सगळे सायरनबाई म्हणायचे. निवृत्त झाल्यावर तिने एक जुनी निळी घरगाडी विकत घेतली. आत झोपायला पलंग, छोटा ओटा, खिडक्यांना पडदे. वडिलांना एकदा समुद्र बघायचा होता. त्यांना झोपताना श्वासाचं मशीन लागायचं आणि ते गाडीच्या बॅटरीवर चालवायचं होतं. तेवढ्यासाठीच ती त्या दुपारी वायरीच्या दुकानात गेली.

"सत्तरची द्या. सत्तर चौरस मिलिमीटर, तांब्याची," ती म्हणाली.

"बाई, ती अंगठ्याएवढी जाड असते! कशाला एवढी?"

"बारा व्होल्टच्या बॅटऱ्या आहेत. व्होल्ट कमी, म्हणजे तेवढ्याच कामाला करंट धो धो वाहणार. बारीक वायर तापून लाल होईल. आत्ता जी आहे ना गाडीत, ती करंगळीएवढीसुद्धा नाही."

दुकानदाराचा हात थांबला. "गाडी... निळी आहे का?"

"हो. का?"

"ती वायर गाडीच्या आधीच्या मालकांनी इथूनच नेली होती. मी म्हटलं, जाड घ्या. ते हसले. म्हणाले, पुरेल." त्याने आवाज खाली आणला. "झोपेत धूर कोंडला आत. गाडी वाचली, ते नाही."



"सांगितलंत ते बरं केलंत," सायरनबाई म्हणाली. "आता मापून द्या."

ती घरी आली तेव्हा अंगणात धुकं उतरलं होतं. गाडी त्यात अर्धी बुडाली होती. तिने मुख्य फ्यूज काढून खिशात टाकला, पलंगाखालची जुनी लाल वायर सोडवून बाहेर भिरकावली, नवी जाड वायर बसवली आणि बोल्ट आवळले. मग वडिलांना औषध द्यायला घरात गेली.

परत आली तर गाडीत जळक्या रबराचा वास भरला होता. जाड वायर ओट्यावर नीट गुंडाळून ठेवलेली होती आणि बॅटरीवर तीच बारीक लाल वायर घट्ट बसवलेली.

'म्हातारचळ लागला की काय मला?' असं मनाशी म्हणत तिने वायरीला बोट लावलं आणि चटकन मागे घेतलं. वायर चटका बसेल इतकी तापली होती. फ्यूज तर खिशात होता. मग करंट आला कुठून?

पडद्याआडून, पलंगाच्या बाजूने, कुणीतरी अगदी समजुतीच्या सुरात म्हणालं, "पुरेल..."

भीती तिला वाटायची, नाही असं नाही. पण भीतीला स्टिअरिंगवर हात ठेवू द्यायचा नाही, एवढं नोकरीने तिला शिकवलं होतं. तिने कटर उचलला आणि त्या लाल वायरीचे कचाकच तुकडे केले. प्रत्येक तुकड्याबरोबर पडद्याआड कुणीतरी धाप टाकल्यासारखं करत होतं.

तिने जाड वायर पुन्हा चढवली. आता मात्र ती स्वतः तिथून हलली नाही. तिच्या डोळ्यांदेखत बोल्ट हळूहळू उलटा फिरू लागला. तिने आवळला, तो सुटला. पुन्हा आवळला, पुन्हा सुटला. बाहेरचा उजेड विझत चालला, पाना हातात तापू लागला, धुराने डोळे चुरचुरू लागले.

"पुरेल... बाई... पुरेल..."

"नाही पुरली!" ती ओरडली. "तुला नाही पुरली, म्हणून तू मेलास! तुझा हट्ट तुझ्या जिवाशी गेला. माझ्या बापाचा श्वास या वायरीवर आहे. गाडी माझी आहे, वायर मी ठरवणार. काय करायचं ते कर!"

डाव्या हाताने बोल्ट दाबून धरत तिने दुसऱ्या हाताने फ्यूज बसवला, श्वासाचं मशीन लावलं, वर पाणी तापवायची किटलीही सुरू केली. होऊ दे पूर्ण जोर. मग तळवा सरळ वायरीवर ठेवला.

तिच्या हातावर दुसरा हात आला. दिसत काहीच नव्हतं, पण त्याचा तळवा निखाऱ्यासारखा होता. तिने दात आवळले, हात काढला नाही.

"बघ," ती म्हणाली. "नीट बघ. तापतेय?"

किटलीतलं पाणी उकळेपर्यंत तिने तळवा वायरीवर तसाच ठेवला.

"...नाही," आवाज आला. त्यात रडू होतं की हसू, तिला कळलं नाही. हातावरचं ओझं उतरलं. बोल्ट जागच्या जागी राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती वडिलांना घेऊन निघालीच. शेजारीण म्हणाली, विकून टाक ती गाडी. सायरनबाईने भाजलेल्या हातानेच तिला टाटा केला. वाटेत गाडी बाजूला घेऊन ती वडिलांना बघायला मागे गेली. मशीन संथ चाललं होतं, वडील गाढ झोपले होते. थंडीमुळे त्यांच्या उशाजवळच्या काचेवर श्वासाची वाफ धरत होती आणि विरत होती.

वडिलांच्या पलंगासमोरची बैठक रिकामी होती. तिथल्या काचेवरही, माणसाच्या तोंडाच्या उंचीवर, वाफेचा एक गोल धरत होता.

"समुद्रापर्यंत ये," ती त्या बैठकीला ठणकावून म्हणाली. "तिथे उतरायचं."

वाफेचा गोल विरला. मग वडिलांच्या अगदी कानाजवळच्या काचेवर, त्यांच्या श्वासाच्या वाफेशेजारी, कुणी कानात काही सांगत असल्यासारखा दुसरा धरू लागला.